बांधावरचं घर

मायनॉट स्टेशन, उत्तर डाकोटा,
जून १९२१

प्रिय आस्लाक,

नॉर्वेहून येऊन या मैदानावर ज्यांनी पहिला नांगर घातला त्यांची आपण मुलं. तू, मी, शेजारच्या आयविनची धिप्पाड पोरं, नदीपलीकडच्या वस्तीतले सगळे. आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे आणि ती आजवर कुणी उभं राहून बोललेलं नाही. आपल्याला बाप मिळाला नाही, भाषण मिळालं. दर उन्हाळ्यात आपल्या राईत लाकडी मंच उभा राहतो, पाद्रीबोवा घसा साफ करतात, आणि आपले बाप पुन्हा एकदा टोळधाडीशी लढतात, हिमवादळात गाय शोधून आणतात, लाकूड नाही म्हणून गवताचे पीळ जाळून पोरं जगवतात. त्या भाषणात ते कधी चुकत नाहीत, घाबरत नाहीत, बायकोवर खेकसत नाहीत. आता भाषणही अपुरं वाटू लागलं म्हणून तुम्ही स्मारकाचा दगड आणलात.

तुझ्या पत्रात दोन मागण्या आहेत. पहिली, बाबांचा दगड उभा राहील त्या दिवशी मुख्य भाषण मी करावं, कारण ‘तुझ्याइतकं तोंड आपल्या घरात कुणाला नाही.’ हे कौतुक की टोमणा, ते विचारत नाही. दुसरी, योरुनआत्याला राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला मी संमती द्यावी. तू लिहितोस की बर्फ वितळल्यापासून ती रोज संध्याकाळी गोधडी काखेत मारून पूर्वेच्या राईत जाते, तिथेच उघड्यावर निजते, सकाळी दवाने भिजून परत येते. तुझी क्लारा घाबरते. तुमच्या पोरांना शाळेत चिडवतात. म्हणून तू तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली आहेस. दगडाबद्दल तू पानभर लिहिलंस आणि आत्याबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळीच पुन्हा पुन्हा वाचते आहे.

हे स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते आहे. काल एका गावी शेतकऱ्यांच्या सभेत धान्याच्या कोठारवाल्यांविरुद्ध बोलले, उद्या पुढच्या गावी बोलायचं आहे, मधला हा वेळ मला खायला उठला आहे. दोन ओळी लिहिते, उठते, फलाटाच्या टोकापर्यंत जाते, वारा टोपी ओढतो, परत येऊन लिहिलेलं खोडते. भरल्या सभेत जिची जीभ अडखळत नाही तिला एका भावापुढे शब्द जुळवताना घाम फुटावा, याची मला लाज वाटते. पण सभेतली माणसं माझ्या बापाची मुलं नसतात. तू आहेस. तुझा बाप मी तुझ्याकडून काढून घेईन अशी भीती वाटते, आणि न घेतला तर आत्या कडीच्या आत राहील.

आपल्या घराण्याची मोठी गोष्ट म्हणजे शपथेची गोष्ट. आत्याने बाबांच्या शेजारची जमीन सरकारकडून मागून घेतली होती. कायदा साधा होता: जमिनीवर घर बांधा, पाच वर्षं तिथेच राहून कसा, मग दोन साक्षीदार आणून शपथेवर सांगा, जमीन तुमची. आत्याचे शेवटचे काही महिने कमी पडले. त्या काळी या रानात खोटी शपथ ताकासारखी फुकट मिळायची. लोक चाकांवरची झोपडी एका जमिनीवरून दुसरीवर ओढत नेत आणि बायबलवर हात ठेवून सांगत, घर इथेच होतं. आपल्या बाबांनी मात्र कचेरीत, सख्ख्या बहिणीच्या समोर, खरं ते सांगितलं, आणि तिची जमीन गेली. पाद्रीबोवा इथे थांबतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, “हाल्वोरने बहीण दुखावली, पण देवाला दुखावलं नाही.” बायका डोळे पुसतात. बाबा अशा वेळी मांडीवरच्या टोपीत बघत बसायचे, आठवतं? आणि तू आयविनच्या धाकट्याचा दात पाडलास, तेही आठव. तो म्हणाला होता, “तुझ्या बापाने तुझ्या आत्याला बुडवलं.” तुझे रक्ताळलेले हात आत्यानेच धुतले, आणि ती एवढंच म्हणाली, “दात दुधाचा होता ना रे? मग येईल परत.”

ही गोष्ट खोटी नाही. तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणून तर ती इतकी टिकली. फक्त ती मधूनच सुरू होते.

दगडावर तुम्ही ‘एकट्याने, देवाच्या सोबतीने’ असं कोरणार आहात म्हणे. बाबा एकटे होते ते पहिलं वर्षभर. नदीच्या दरडीत खणलेल्या बिळात राहिले, माणसाचा आवाज ऐकायला म्हणून स्वतःशी भांडायला लागले, आणि घाबरून नॉर्वेत घरी कळवलं, कुणीतरी या. तेविशीची योरुन आली. एक पेटी आणि एक चरखा घेऊन. कायद्याने बिनलग्नाच्या बाईलाही जमीन मिळत होती. तिने बाबांच्या लगतचा पूर्वेचा तुकडा मागितला. आता जमिनी दोन, म्हणजे घरंही दोन हवीत, आणि फळ्या होत्या जेमतेम एका घरापुरत्या. मग आपल्या लोकांनी या मुलखात ठिकठिकाणी केलं तेच या दोघांनी केलं. आयविनला दोरी धरायला लावून दोन तुकड्यांमधली रेघ नीट आखली आणि घर बरोबर बांधावर बांधलं. अर्धं घर पश्चिमेच्या तुकड्यावर, अर्धं पूर्वेच्या. बाबांची खाट बाबांच्या जमिनीवर, आत्याची आत्याच्या. जेवणाचं टेबल मधोमध. कायद्याला यात काही वावगं नव्हतं.

आई सांगायची, त्या घरात हसू फार होतं. आत्या म्हणायची, “भाऊराया, तुझ्या शेतातलं मीठ जरा माझ्या शेतात सरकव.” बाबा म्हणायचे, “परवाना आण, मग देतो.” चूल बाबांच्या बाजूला होती, म्हणून पोळी करपली की आत्या म्हणायची, “तुझ्याच जमिनीचा गुण.” दिवसा ती बैल हाकायची आणि ते नांगर धरायचे, आज या तुकड्यावर, उद्या त्या. लग्नाला मागणी घालणारे यायचे, कारण जिच्या नावावर जमीन होणार ती बाई या रानात सोन्याची. एकाला तिने विचारलं, “तुला बायको हवी की माझ्याकडची जमीन? खरं सांग, जमीन नुसती मागितलीस तरी राग नाही.” तो गडी कॉफी अर्धी ठेवून गेला. हे बाबा तू पाहिलेस का कधी, बहिणीकडे मिठाचा परवाना मागणारे? मी नाही पाहिले. ते मला पाद्रीबोवांनी नाही, आईने दिले.

मग आई आली. लग्न होऊन बांधावरच्या घरात राहायला लागली आणि पहिल्याच शरदात तिला दिवस गेले. विहीर लांब पश्चिमेला, आणि पावसाने बांधाशी पाणी तुंबायचं. बाबा वर्षभर आधी आलेले, त्यामुळे त्यांची पाच वर्षं भरून जमीन पक्की झाली होती. त्यांनी ठरवलं, घर विहिरीजवळ न्यायचं. घर उचलून नेणं म्हणजे आपल्याकडे सणच. शेजारपाजारचे बैल आले, खाली ओंडके सरकवले, दोर बांधले, पोरं शिट्ट्या मारत धावली. आत्यानेच सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात सायीची खीर ढवळली, आणि ढवळताना बाबांना विचारलं, “माझं काय? माझे महिने राहिलेत अजून.” आई शेजारीच लोणी घालत होती. बाबा हसत म्हणाले, “योरुन, एक हिवाळा तर राहिला. एवढ्या मोठ्या रानात कोण बघतंय?”

कोण बघतंय. हे दोन शब्द, आस्लाक, तुमच्या दगडावर नाहीत.

आत्या म्हणाली, “बैल जोडा, पण माझी खाट आधी उतरवा.” गडी हसले. कुणी म्हणालं, “बाई आभाळाखाली संसार मांडणार.” घर कुरकुरत पश्चिमेला गेलं आणि खाट जिथे होती तिथे उघड्यावर राहिली. तिने बैलगाडीची पेटी उपडी करून तिच्यावर ठेवली, भोवती पेंढा आणि शेण थापलं, आणि त्या खोपीत निजायला लागली. दिवसभर घरात राबायची, दिवे लागले की आपल्या जमिनीवर जायची. थंडी कडक झाली तेव्हा आई चुलीत तापवलेले दगड गोणपाटात गुंडाळून तिला द्यायची आणि सकाळी कॉफी घेऊन बर्फ तुडवत जायची. पोटात तेव्हा मी होते. बाबा रोज दारातून तिकडे बघायचे. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्या सपाट रानात कोंबडी हलली तरी दिसते.

पाचवं वर्ष भरलं आणि तिघं कचेरीत गेले, आत्या आणि तिचे साक्षीदार, म्हणजे बाबा आणि आयविन. अंमलदाराने विचारलं, जमिनीवर हिचं घर पाचही वर्षं होतं का? आत्या म्हणाली, “माझी खाट होती.” तो म्हणाला, खाट म्हणजे घर होत नाही, साक्षीदार काय म्हणतात? आयविन चुळबुळला. “हाल्वोर सांगेल तेच माझं.” बाबा बायबलवर हात ठेवून म्हणाले, घर शरदात हलवलं. बस. त्यानंतर ती कुठे निजली, हे अंमलदाराने विचारलं नाही, म्हणून बाबांनी सांगितलं नाही. परतताना गाडीत आत्या म्हणाली, “तू म्हणाला होतास, कोण बघतंय.” बाबा म्हणाले, “देव बघत होता.” 

आणि थोड्याच महिन्यांत बाबांनी तोच तुकडा स्वतःच्या नावावर मागितला. घरासाठी नाही, झाडांसाठी. तेव्हा आणखी एक कायदा होता, उघड्या रानावर झाडं लावून जगवा आणि जमीन घ्या. आज जिथे मंच उभा राहतो, जिथे तुम्ही दगड रोवणार, जिला सगळा जिल्हा ‘हाल्वोरची राई’ म्हणतो, ती ही राई. तिच्या फांद्या नदीकाठून कापून आणल्या आत्याने, ओळीत खोचल्या आत्याने, दुष्काळात बादल्यांनी पाणी घातलं आत्याने. तिने करायला नको होतं, असं तू म्हणशील. मग जायचं कुठे होतं? जमीन नसलेल्या बिनलग्नाच्या बाईला या मुलखात दुसऱ्याच्या चुलीपुढेच जागा होती. त्या चुलीपुढे तिने आपल्याला वाढवलं.

तुझ्या मनात येईल की आईने हे नवऱ्यावरच्या रागातून सांगितलं असेल. मी शिक्षिकेचं शिक्षण संपवून घरी आले तेव्हा आम्ही दोघी बदकं सोलत बसलो होतो आणि मी मोठ्या तोऱ्यात बाबांच्या शपथेवर निबंध लिहिल्याचं सांगितलं. आई पिसं उपटत म्हणाली, “लिही हो, पण खिरीचं पातेलं विसरू नकोस.” मग हळूहळू सगळं सांगितलं. मी आत्याला जाऊन विचारलं, तू गप्प कशी राहिलीस? ती म्हणाली, “अगं, तो खोटं बोलला असता तर मी माफ केलं असतं. खरं बोलला, हीच तर पंचाईत. खऱ्यावर भांडायला कुठे जायचं?”

बाबा लुच्चे होते असं मी म्हणत नाही. लुच्चा माणूस सुखाने झोपतो. बाबा त्या राईच्या सावलीत कधी बसले नाहीत. कापणीच्या रणरणत्या उन्हात आपण सगळे झाडांखाली जेवायचो आणि ते गाडीखाली पाय आखडून. आपण त्याला काटकपणा समजलो. मला वाटतं त्यांना खरंच देवाची भीती वाटली, आणि ती नेमकी तेव्हाच वाटली जेव्हा तिच्यात त्यांचा फायदा होता. हे पाप सभेत सांगायलाही कठीण आहे. त्याला नाव नाही, म्हणून त्याचा दगड होतो. आणि या तुकड्यावर आत्याच्याही आधी ज्यांच्या चुली होत्या, त्या डाकोटा जमातीच्या माणसांना तर कुणी साक्षीलाही बोलावलं नाही. त्यावर मी सभांतून बोलते, लोक उठून जातात. पण आज मी तुला एकच गोष्ट मागते आहे, म्हणून तिच्यावरच येते.

गेल्या महिन्यात मी दोन दिवस आले होते तेव्हा संध्याकाळी आत्याच्या मागे राईत गेले. तिने गोधडी अंथरली, बूट काढून नीट जोडीने ठेवले. मी विचारलं, हे काय चालवलंयस? ती म्हणाली, “राहिलेले महिने पुरे करतेय.” मी म्हटलं, आत्या, तो कायदा कधीच रद्द झाला, अंमलदार मेला, कचेरीसुद्धा उठून गेली. ती म्हणाली, “कायदा गेला असेल. माझे महिने कुठे गेलेत?” मग इतकी वर्षं का थांबलीस? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सात वर्षांची झाले. “हाल्वोर होता ना गं. त्याच्या दारातून दिसलं असतं.” मी म्हटलं, लोक तुला वेडी म्हणतील. ती म्हणाली, “वेडी व्हायचं तर तेव्हाच झाले असते. तेव्हा थंडी जास्त होती.” आणि मला हाकललं, “जा आता, डास चावतील. तू भाषणवाली, तुझी कातडी नाजूक.”

तिने भावाची अब्रू तो मरेपर्यंत राखली. तो गेल्यावर बर्फ वितळेपर्यंत तिला फक्त एक महिना थांबावं लागलं. आणि आता ती निघाली तर तू कडी लावलीस. तुझा दोष नाही, तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

तू म्हणशील, मग ये आणि मंचावरून सांग, तुझं कामच ते. गेला आठवडाभर मी तेच करत होते, मनातल्या मनात. गाडीत, हॉटेलच्या जिन्यावर, या फलाटावर येरझारा घालत. ते भाषण तयार आहे, आस्लाक, आणि माझ्या आजवरच्या भाषणांत ते सगळ्यात चांगलं आहे. लोक रडतील. पाद्रीबोवांचा चेहरा पडेल. वर्तमानपत्रात येईल. आणि टाळ्या संपल्यावर आत्या पुन्हा त्याच खोलीत जाईल, फक्त आता सगळा जिल्हा खिडकीतून डोकावेल. टाळ्या मला, आणि तिला ढेकूळभरही माती नाही. म्हणून मी येणार नाही. दगड उभा करा, त्यावर काय कोरायचं ते तूच ठरव. तिला पाठवायला माझी संमती नाही, आणि ती या जन्मी मिळणार नाही.

हे पत्र त्यासाठीही लिहिलेलं नाही. नकार तारेनेही कळवता आला असता. बाबांच्या मागे तो तुकडा तुझा झाला. तुझ्या एका सहीने तो जिचा होता तिचा होतो, आणि ती सही करू शकणारा जगात तू एकटा आहेस. पोरांच्या तोंडचा घास जाईल असं क्लारा म्हणेल. तिला सांग, आत्याच्या मागे ती जमीन कुणाची होणार? तिने ज्यांना वाढवलं त्यांच्याच पोरांची. पण ती जिवंत असेपर्यंत ती तिची असू दे. परक्याच्या राईत निजणाऱ्या म्हातारीला लोक वेडी म्हणतात. स्वतःच्या जमिनीवर निजणाऱ्याला या मुलखात शेतकरी म्हणतात. तेव्हा आजच कडी काढ, आणि सोमवारी सकाळी आत्याला गाडीत तुझ्या शेजारी बसवून जिल्ह्याच्या कचेरीत जा, आणि पूर्वेचा तुकडा तिच्या नावावर करून दे.

तुझीच थोरली,
सिग्रिद